मुलांसोबत संशोधन: होकार घेण्याआधी नकाराची सोय करा

‘दूध पाण्यापेक्षा मोठं असतं का?’ ‘लाल रंग पिवळ्यापेक्षा जड असतो का?’ मार्टिन ह्यूज आणि रॉबर्ट ग्रीव्ह या दोन मानसशास्त्रज्ञांनी पाच आणि सात वर्षांच्या मुलांना असले बिनबुडाचे प्रश्न विचारून पाहिले आणि १९८० साली त्याबद्दल लिहिलं. ‘हे काय भलतंच विचारताय?’ असं म्हणणारं मूल विरळाच निघालं. जवळजवळ सगळ्यांनी उत्तरं दिली, वर कारणंही जोडली. मोठ्या माणसाने गंभीर चेहऱ्याने काही विचारलं म्हणजे त्याला उत्तर असणारच, आणि ते आपण द्यायलाच हवं, असं मुलं धरून चालतात.

पहिल्यांदाच मुलांबरोबर अभ्यास करायला निघालेल्याने एवढं तरी मनाशी पक्कं करून निघावं. जे दुधापाण्याच्या प्रश्नाचं झालं तेच ‘भाग घेशील ना?’ या प्रश्नाचं होतं. मूल ‘हो’ म्हणतं, आणि त्या ‘हो’वरून काहीच कळत नाही. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमागे खटपट एकच आहे: ‘नको’, ‘माहीत नाही’ आणि ‘तुमचं चुकतंय’ ही तीन वाक्यं मुलाला न घाबरता उच्चारता यावीत.

पायरी १: मुलं कशाला हवीत ते लिहून काढा

कोऱ्या कागदावर दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. पहिला प्रश्न, ही माहिती मुलांकडूनच मिळण्यासारखी आहे का? हजेरीचे आकडे हजेरीपटात असतात. त्यासाठी मुलांचा तास खाऊ नका. पण शाळेतला कुठला जिना नकोसा वाटतो, सुई टोचताना कोण काय बोललं की बरं वाटतं, खेळात कोणाला कधीच घेत नाहीत, हे मुलांखेरीज कोणी सांगू शकणार नाही. पालकांना विचारलंत तर पालकांचं मत मिळतं. तेही उपयोगी असतं, पण ते मुलांचं म्हणून खपवू नये.

दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा आहे. मुलांच्या म्हणण्याने या अभ्यासात नेमकं काय बदलू शकतं? निदान तीन गोष्टी लिहा. ‘मुलांची मतं विचारात घेऊ’ हे उत्तर धरू नका. ‘प्रश्नावलीतले नको ते प्रश्न मुलं काढून टाकतील’, ‘गप्पा कुठे बसून मारायच्या ते मुलं ठरवतील’, ‘निष्कर्षांत पहिला मुद्दा कोणता ते मुलं सांगतील’ अशी उत्तरं हवीत. तीन सापडत नसतील तर तुमच्या अभ्यासात मुलं माहिती देणार आहेत, सहभागी होणार नाहीत. असा अभ्यासही करायला हरकत नसते. फक्त अहवालावर ‘बालसहभागी संशोधन’ असा शिक्का मारू नका.

इथे दोन चौकटी हाताशी ठेवाव्यात. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये मांडलेली सहभागाची शिडी आठ पायऱ्यांची आहे. तिच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं सामील करणं. या तिन्हींना हार्ट सहभाग म्हणतच नाहीत. व्यासपीठावर एका चुणचुणीत मुलीकडून पाठ केलेलं भाषण म्हणवून घेणं याच खालच्या पायऱ्यांवरचं. नवशिक्यांची गफलत वेगळीच होते: दर वेळी वरची पायरी गाठायच्या नादात सगळं मुलांवरच सोडायचं. आकडेमोड, परवानग्या, हिशेब हे काम मुलांवर ढकलणं म्हणजे सहभाग नव्हे, फुकटची मजुरी आहे.

दुसरी चौकट बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांची, २००७ सालची. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम १२ सांगतं की, स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक मुलाला आपल्याशी संबंधित बाबींत ते मांडण्याचा हक्क आहे आणि वय आणि समज पाहून त्या मताला वजन दिलं गेलं पाहिजे. लंडी यांनी त्याचे चार भाग पाडले: अवकाश, आवाज, श्रोता आणि प्रभाव. बहुतेक प्रकल्प पहिल्या दोनांत दमतात. मुलांना बसायला चटया मिळतात, बोलायला माइक मिळतो. ऐकायला मात्र निर्णय घेणारं कोणी नसतं. म्हणून श्रोता अगदी सुरुवातीलाच नावानिशी ठरवा. मुख्याध्यापक, ग्रंथपाल, वॉर्डच्या मुख्य परिचारिका, जो कोणी खरोखर काही बदलू शकतो तो. त्यांच्याकडून तारीख घ्या: ‘अमुक आठवड्यात मुलं येऊन सांगतील, तुम्ही तासभर ऐकाल आणि पंधरा दिवसांत उत्तर द्याल.’ ही तारीख मिळत नसेल तर मुलांना ‘तुमच्या बोलण्याने बदल होईल’ असं चुकूनही सांगू नका.

पायरी २: वेळ आणि पैसा

मुलांसोबतचा अभ्यास सहा महिन्यांचा असेल तर पहिले दोन महिने तयारी आणि परवानग्यांत जातात आणि शेवटचा एक महिना मुलांकडे परत जाण्यासाठी राखावा लागतो. परीक्षा, सुट्ट्या आणि सणांचे आठवडे आधीच कॅलेंडरवर खोडून टाका.

अभ्यास कसा करावा ते तुम्हाला सुचवणाऱ्या मुलांचा सल्लागार गट करायचा असेल तर सहा ते आठ मुलं आणि चार-पाच बैठका पुरतात. पहिली बैठक नुसती ओळखीची ठेवा. तिच्यात काम उरकायला गेलात तर पुढच्या बैठकीला निम्मी मुलं गळतात. खर्चाच्या यादीत मुलाबरोबर येणाऱ्या मोठ्या माणसाचं प्रवासभाडं, प्रत्येक सत्राला दुसरी प्रौढ व्यक्ती, खुणांची भाषा जाणणारा दुभाषी लागणार असेल तर तो, मुलांसाठीचा छोटा अहवाल आणि परतभेट हे सगळं घाला. पैसे कमी पडले की शेवटच्या दोन गोष्टींना हमखास कात्री लागते. त्यामुळे त्या ‘इतर’ या रकान्यात कोंबू नका, स्वतंत्र ओळीत दाखवा.

पायरी ३: दारावरची माणसं

मुलापर्यंत पोचायच्या आधी संस्थाचालक, मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, पालक अशी दारं लागतात. यांची परवानगी तुम्हाला आत सोडते, इतकंच. मुलाचा होकार तिच्यात धरलेला नसतो.

इथे चूक होते ती निवडीत. ‘पाचवीतली आठ मुलं पाठवा’ म्हटलं की बाई बोलकी, नीटनेटकी, हुशार आठ मुलं पाठवतात. त्यात वाईट हेतू नसतो. पाहुण्यांसमोर शाळेची लाज राहावी एवढंच असतं. पण मग तोतरं बोलणारा, वरचेवर गैरहजर असणारी, घरी वेगळी भाषा बोलणारा, व्हीलचेअर वापरणारी, सगळे बाहेर राहतात. उपाय सोपा आहे. आधी संपूर्ण वर्गाला माहिती द्या, सर्वांच्या पालकांना पत्रं द्या, ज्या घरांतून संमती येईल त्या मुलांना विचारा, आणि होकार देणारी मुलं जास्त झाली तर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून निवडा. ज्यांचं नाव निघालं नाही त्यांच्यासाठीही पंधरा मिनिटांचा खेळ तयार ठेवा. नाहीतर ‘मला का नाही घेतलं’ हे ओझं तुमच्या मागे वर्गात राहतं.

पायरी ४: पालकांची संमती

संमतीपत्र एका पानाचं असावं आणि ते मोठ्याने वाचून पाहावं. वाचताना तुम्हालाच धाप लागली तर वाक्यं तोडा. काय करणार, किती वेळ, कुठे, ध्वनिमुद्रण होणार का, माहिती कुठे आणि किती वर्षं राहणार, कोणाला दिसणार, नकार दिला तर काय होईल (काहीही होणार नाही), आणि तक्रार असल्यास कोणाकडे करायची हे त्यात हवं. तक्रारीसाठीचा माणूस तुमच्या गटाबाहेरचा असावा. पत्र पाठवल्यावर विचार करायला निदान दोन-तीन दिवस द्या. वाचता न येणाऱ्या पालकांना समक्ष वाचून दाखवा आणि त्या वेळी गटाबाहेरचा एक साक्षीदार ठेवा.

‘उत्तर आलं नाही म्हणजे संमती धरू’ ही पळवाट मोहात पाडते, कारण तिने मुलांची संख्या वाढते. कागद दप्तराच्या तळाशी चुरगळून पडला असेल तर ती संमती कसली?

सही असली म्हणजे सगळं निर्धोक झालं, असंही नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या विलोब्रूक या संस्थेत १९५६ पासून बरीच वर्षं बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना मुद्दाम काविळीची लागण करून प्रयोग केले गेले. पालकांच्या सह्या होत्या. पण १९६४ च्या सुमाराला गर्दीमुळे संस्थेतले नेहमीचे प्रवेश बंद होते आणि प्रयोगाच्या विभागात मात्र जागा मिळत होती. दुसरा रस्ताच ठेवला नाही की सही होतेच. तुमच्या अभ्यासाची पातळी कितीही साधी असो, हाच प्रश्न विचारा: नकार दिला तर या मुलाचं किंवा घराचं काही हुकतं का? शिकवणी, औषध, सहल, शिक्षकांची मर्जी? हुकत असेल तर ती गोष्ट अभ्यासापासून वेगळी करा आणि सगळ्यांना द्या.

पायरी ५: मुलाचा होकार

पालकांच्या सहीनंतर मुलाला वेगळं विचारायचं असतं. नियमावलीत याला ‘असेंट’ म्हणतात. वैद्यकीय संशोधनासाठीचा हेलसिंकी जाहीरनामाही सांगतो की, होकार देऊ शकणाऱ्या व्यक्तीचा होकार पालकांच्या संमतीबरोबरच वेगळा घेतलाच पाहिजे आणि तिच्या नकाराचा मान राखला पाहिजे. लेखी होकार कोणत्या वयापासून घ्यायचा याचे नियम देशागणिक बदलतात. ते तुमच्या एथिक्स कमिटीकडून, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीकडून, लेखी घ्या. कागदावर सही असो वा नसो, समजावून सांगणं कोणत्याही वयात चुकत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी असं काहीसं:

‘मुलांना मधल्या सुट्टीत काय आवडतं आणि काय नको वाटतं, ते मला शोधायचंय. तू माझ्याबरोबर अर्धा तास बसशील का? आपण मैदानाचा नकाशा काढू आणि बोलू. आपलं बोलणं मी या यंत्रात साठवीन, म्हणजे मी विसरणार नाही. तू जे सांगशील ते मी बाईंना, सरांना किंवा घरी सांगणार नाही. फक्त एक गोष्ट वेगळी: कोणी तुला किंवा दुसऱ्या मुलाला त्रास देतंय, इजा करतंय असं मला कळलं, तर मदत करू शकणाऱ्या माणसाला मला ते सांगावं लागेल. पण आधी मी तुझ्याशी बोलेन. तुला नको असेल तर नको म्हण. कारण विचारणार नाही. मधेच नकोसं झालं तरी थांबू. कोणी रागावणार नाही.’

हे सांगून झालं की विचारा, ‘आता तू मला सांग, मी इथे कशाला आलेय?’ पुष्कळदा उत्तर येतं, ‘परीक्षा घ्यायला.’ मग पुन्हा सांगा, दुसऱ्या शब्दांत. तिसऱ्यांदाही तेच उत्तर आलं तर त्या दिवशी त्या मुलाबरोबर फक्त खेळा.

मग नकाराचा सराव घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, आणि सगळ्या सत्रात याहून महत्त्वाचं काही नाही. ‘मी तीन गोष्टी मागणार, तू तिन्हींना नाही म्हणायचं. तुझी चप्पल मला देतोस?’ ‘नाही!’ ‘तुझं दप्तर घेऊन जाऊ?’ ‘नाही!’ ‘तुझ्याऐवजी मी घरी जाऊन झोपू?’ तिसऱ्याला मूल बहुधा हसतं आणि मोठ्याने ओरडतं. आता त्याच्या हातात दोन कार्डं द्या: पिवळं म्हणजे हा प्रश्न सोडा, लाल म्हणजे थांबा. नुसती कार्डं देऊन ठेवली तर ती टेबलावर तशीच पडून राहतात. पहिला प्रश्न मुद्दाम खोटा ठेवा आणि सांगा, ‘याला पिवळं दाखव.’ दाखवलं की लगेच पुढे जा. कार्ड दाखवल्यावर एकदा जरी ‘का गं, काय झालं?’ म्हणालात तर पुढे ते कार्ड कोणी उचलणार नाही.

बोलून न सांगितलेला नकारही नकारच. उत्तरं लांबीने घटत जाणं, नजर दाराकडे जाणं, दोनदा पाणी प्यायला जाणं, लागोपाठ तीन ‘माहीत नाही’, बुटाच्या नाडीशी चाळा. यातल्या दोन खुणा दिसल्या की स्वतःहून म्हणा, ‘आज इथेच थांबू या का?’ जी मुलं बोलत नाहीत किंवा वेगळ्या पद्धतीने बोलतात, त्यांच्या घरच्यांना आधी विचारून एका कार्डावर लिहून घ्या: हे मूल खूश असलं की काय करतं, नको असलं की काय करतं. सत्रात ते कार्ड नोंदी घेणाऱ्याच्या समोर हवं.

पायरी ६: जागा, माणसं, वेळ

जागा अशी हवी की बाहेरून तुम्ही दिसाल, पण ऐकू येणार नाही. काचेची खिडकी असलेली खोली, ग्रंथालयाचा कोपरा, उघड्या व्हरांड्याचं टोक. मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही, हा नियम मुलाच्या रक्षणाचा आहे तसा तुमच्याही. मुख्याध्यापकांचं ऑफिस सगळ्यांत वाईट. तिथे मुलं एरवी कशासाठी जातात ते आठवा. वर्गशिक्षक आत बसून ‘बोल ना, घाबरू नको’ म्हणत असतील तर त्यांना नम्रपणे बाहेर काम सुचवा.

मुलाच्या उंचीला बसा. टेबलाच्या पलीकडे बसू नका. काटकोनात, समोर काहीतरी हाताळायला ठेवून बसा, म्हणजे डोळ्यांत डोळे घालायची सक्ती राहत नाही. ‘सर’, ‘मॅडम’ ही हाक शिक्षकाची आहे. ताई, दादा किंवा नुसतं नाव चालेल. रेकॉर्डर मुलाच्या हाती द्या. त्याला स्वतःचा आवाज ऐकू द्या आणि बंद करायचं बटन दाखवा.

चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी दहा ते पंधरा मिनिटं पुरे. सहा ते नऊला वीस-तीस मिनिटं, दहा ते तेराला पाऊण तास, त्यापुढे एक तास. गटात लहान मुलं चार-पाचच घ्या, मोठी सहा ते आठ. वयात दोन वर्षांहून जास्त अंतर ठेवलंत तर मोठी बोलतात, धाकटी मान हलवतात. भावंडं एका गटात नकोत.

पायरी ७: प्रश्न

दुधापाण्याचा धडा इथे पुन्हा लागू होतो. सत्राच्या सुरुवातीला सांगा: ‘मला इथलं काही माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. उत्तर येत नसेल तर माहीत नाही म्हणा. मी चुकीचं बोललो तर सांगा.’ मग लगेच मुद्दाम चूक करा: ‘म्हणजे तुमची शाळा रात्री भरते तर?’ मुलांनी दुरुस्त केलं की त्यांचे आभार माना. एरवी ‘तुमचं चुकतंय’ म्हणायची परवानगी नुसतीच तोंडी राहते.

तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारू नका. मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या प्रसिद्ध प्रयोगात वस्तूंच्या दोन रांगा सारख्या आहेत का असं विचारून, एक रांग पसरवून पुन्हा तेच विचारलं जाई, आणि लहान मुलं ‘आता ही जास्त’ म्हणत. सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी १९७४ मध्ये फक्त बदलानंतर एकदाच विचारून पाहिलं. बरोबर उत्तरं वाढली. मोठ्यांनी पुन्हा विचारलं म्हणजे आपलं पहिलं उत्तर चुकलं, असा अर्थ मुलं लावतात. शाळेत तो अर्थ बहुतेक वेळा बरोबरच असतो! उत्तर नीट ऐकू आलं नाही तर ‘माझं लक्ष नव्हतं, परत सांगशील?’ असा दोष स्वतःकडे घ्या.

‘का?’ हा शब्द मुलांना जाब विचारल्यासारखा लागतो. ‘तू खेळायला का गेला नाहीस?’ ऐवजी ‘त्या दिवशी काय झालं होतं?’ विचारा. हो-नाहीचे प्रश्न शक्यतो टाळा. ‘गेल्या महिन्यात किती वेळा’ हे लहान मुलाला मोजता येत नाही; ‘काल’, ‘सुट्टी लागायच्या आधी’ असा खुंटा द्या. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची मोजपट्टी वापरायची असेल तर सात वर्षांखालच्यांना तीनच चेहरे द्या आणि आधी त्यांना ठाऊक असलेल्या दोन गोष्टींवर चाचणी घ्या. पाच चेहऱ्यांत लहान मुलं दोन टोकंच धरतात आणि सरासरी काढून तुमची फसगत होते. सगळी प्रश्नावली तीन-चार मुलांवर आधी चालवून बघा. ज्या शब्दावर दोघं अडली तो बदला.

साधनं, आणि ती कुठे दगा देतात

चित्र, नकाशा, फोटो, खडे टाकून मतदान ही ठरलेली साधनं. चित्राचा अर्थ तुम्ही लावायचा नसतो. काळा रंग म्हणजे दुःख असं काही नाही. कदाचित खडूच्या पेटीत तेवढाच रंग धड उरला असेल. ‘इथे काय चाललंय, मला सांगशील?’ एवढं विचारा आणि सांगितलेलं शब्दशः लिहा. एकाने घर काढलं की शेजारी चारजण घरंच काढतात, म्हणून चित्र काढताना अंतरावर बसवा. मूळ चित्र मुलाचं. तुम्ही प्रत घ्या, तीही विचारून.

खड्यांचं मतदान उघड्या वाट्यांत ठेवलंत तर दुसरा खडा पहिल्याच्या मागे जातो. भोक पाडलेली खोकी वापरा आणि एकेकाला आडोशाला पाठवा. मुलांच्या हाती कॅमेरा देणार असाल तर आधी अर्धा तास नुसतं एवढंच बोला: कोणाचा फोटो काढायच्या आधी विचारायचं, कपडे बदलताना, रडताना, भांडताना काढायचा नाही, धोक्याच्या जागी फोटोसाठी चढायचं नाही. चेहऱ्यांऐवजी जागा आणि वस्तू टिपायला सांगितलं की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

मुलांकडून इतर मुलांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर विषय हलका ठेवा. अकरा वर्षांच्या मुलीने ऐकलेलं गुपित तिने पोटात ठेवावं ही अपेक्षाच तिच्यावर अन्याय करणारी आहे, आणि दुसऱ्या दिवशी ते मैदानात फुटलं तर दोष तुमचा.

पायरी ८: मुलाने काही गंभीर सांगितलं तर

पहिलं सत्र होण्यापूर्वी एका कागदावर लिहून ठेवा: कोणाला कळवायचं, त्यांचा फोन, ते नसतील तर दुसरं कोण, कायद्याने कळवणं बंधनकारक आहे का आणि किती वेळात. जवळच्या समुपदेशकाशी आधी बोलून ठेवा. ऐन वेळी शोधायला गेलात तर घाईत चुकीच्या माणसाला सांगितलं जातं. कधी कधी ज्याने त्रास दिला त्यालाच.

मूल बोलू लागलं की रेकॉर्डरकडे पाहू नका. शांतपणे ऐका. ‘नक्की ना?’ म्हणू नका, तपशील खणू नका, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. तीन वाक्यं पुरतात: ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. आता पुढे काय करायचं ते आपण बघू.’ मग कोणाला सांगणार, कधी सांगणार हे त्याला सांगा आणि त्याला काय वाटतं ते विचारा. तासाभरात त्याच्याच शब्दांत नोंद करा, तुमचे अंदाज त्यात मिसळू नका. त्या दिवशी मूल कोणाबरोबर घरी जातंय ते पाहिल्याशिवाय निघू नका.

रोजच्या सत्रांसाठी एक साधी सवय लावा: जड विषयावर सत्र संपवायचं नाही. शेवटची पाच मिनिटं खेळ किंवा गाणं.

पायरी ९: नावं आणि चेहरे

नाव बदललं की ओळख लपते, हा गैरसमज. ‘व्हीलचेअर वापरणारी सहावीतली मुलगी’ असं लिहिलंत आणि शाळेत ती एकटीच असेल, तर टोपणनावाचा काय उपयोग? वय, इयत्ता, गाव, आजार, घरची स्थिती यांतल्या किती गोष्टी एकत्र आल्या की मूल ओळखू येतं ते तपासा आणि एखादी गाळा. टोपणनाव मुलालाच निवडू द्या, पण मित्रांना ठाऊक असलेलं लाडकं नाव नको. नावांची किल्ली आणि माहिती दोन वेगळ्या जागी, कुलूप किंवा पासवर्डमागे ठेवा. फोनवर काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये बहुधा जागेचे अक्षांश-रेखांश असतात. ते पुसल्याशिवाय फाइल पुढे पाठवू नका. आणि मुलांच्या चित्रांचा फोटो सोशल मीडियावर टाकायचा मोह आवरा. कोपऱ्यात नाव असतंच.

पायरी १०: अर्थ लावताना मुलं

हा भाग बहुतेक जण मुलांशिवाय उरकतात आणि खरी गंमत तिथेच असते. नावं काढून टाकलेली तीस-चाळीस वाक्यं मोठ्या अक्षरात चिठ्ठ्यांवर छापा. सल्लागार गटातल्या मुलांना त्यांचे ढीग करायला सांगा: जी एकत्र जातात ती एकत्र. मग प्रत्येक ढिगाला नाव. तुम्ही ‘मैदानातली असुरक्षितता’ म्हणाला असता त्या ढिगाला मुलं ‘मोठ्या मुलांची जागा’ म्हणू शकतात, आणि त्या नावात कारणही येऊन जातं. कुठल्याच ढिगात न बसणाऱ्या चिठ्ठ्या बाजूला ठेवा, फेकू नका. मुलांची मांडणी आणि तुमची मांडणी जुळली नाही तर अहवालात दोन्ही द्या आणि फरक कुठे पडला तेही लिहा. गटाला कोणत्याही मुलाची संपूर्ण मुलाखत वाचायला देऊ नका. मुलं एकमेकांना बोलण्याच्या शैलीवरूनही ओळखतात.

मोबदल्याचं थोडक्यात: भेट छोटी, सगळ्यांना सारखी, आणि मधेच थांबलेल्यालाही तीच. मोठी भेट होकार विकत घेते. सल्लागार गटातली मुलं मात्र अनेक बैठका काम करतात. त्यांचा वेळ फुकटचा धरू नका, काय द्यायचं ते पालक आणि मुलं दोघांना विचारून ठरवा.

पायरी ११: परत जा

मुलांचं वर्ष लवकर सरतं. वर्षभराने परत गेलात तर वर्ग बदललेला असतो, काही मुलं शाळा सोडून गेलेली असतात. तीन महिन्यांच्या आत, अपुरे का होईना, निष्कर्ष घेऊन जा. मुलांसाठी एक पान पुरे: आम्ही काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं, आम्ही ते कोणाला सांगितलं, त्यांनी काय ठरवलं. शेवटचा रकाना ‘काय झालं नाही आणि का’ याचा ठेवा. मुलांनी मागितलेल्या पाचांतल्या चार गोष्टी नाकारल्या गेल्या असतील तर चारही लिहा, नाकारणाऱ्याने दिलेल्या कारणासकट. मुलांना ते पटलं नाही तर ती काय म्हणतात तेही टिपा आणि ठरलेल्या श्रोत्याकडे परत पोचवा.

ते पान छापण्याआधी दोन मुलांना वाचायला द्या. नंतर चित्रं परत करा. प्रत्येकाच्या मागे कोणाचं ते बारीक अक्षरात लिहिलेलं असावं, म्हणजे अदलाबदल होत नाही. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची चित्रं बंद पाकिटात घालून, वर फक्त नाव लिहून, वर्गशिक्षकांकडे द्या आणि पुढच्या आठवड्यात फोन करून ती मुलांच्या हाती पोचली का ते विचारा.